बंदूक शेवटी घ्या: ट्रॅप-स्कीटमध्ये उतरणाऱ्या नवख्यांसाठी

महाराष्ट्राने देशाला नेमबाज भरपूर दिले. अंजली भागवत, सुमा शिरूर, तेजस्विनी सावंत, राही सरनोबत आणि २०२४ च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये कांस्य जिंकणारा स्वप्नील कुसळे. पण ही सगळी नावं रायफल आणि पिस्तूलची. शॉटगन म्हणजे छर्ऱ्यांच्या बंदुकीने हवेत उडणाऱ्या चकत्या फोडण्याचा खेळ, ट्रॅप आणि स्कीट हे त्याचे प्रकार. त्यातली मोठी नावं आली ती राजस्थान, पंजाब, दिल्ली, हैदराबाद या भागांतून. बिकानेरचे कर्णी सिंग पाच ऑलिम्पिक खेळले, १९७८ च्या बँकॉक आशियाई स्पर्धेत रणधीर सिंग यांनी ट्रॅपचं सुवर्ण घेतलं, २००४ मध्ये अथेन्सला राज्यवर्धन राठोड यांनी डबल ट्रॅपमध्ये (एकाच वेळी दोन चकत्या सुटणारा प्रकार) रौप्य मिळवलं आणि २००६ मध्ये मानवजीत सिंग संधू ट्रॅपचे जगज्जेते झाले. याचं कारण अंगातल्या गुणांत शोधू नका, ते जागेत आहे. दहा मीटरची एअर रायफल शाळेच्या हॉलमध्ये चालते. ट्रॅपला मात्र समोर दोन-अडीचशे मीटर मोकळी, माणूस-गुरं नसलेली जमीन लागते, चकत्या फेकणारी यंत्रं लागतात आणि चकत्यांच्या गाड्याच्या गाड्या लागतात.

म्हणून मराठी मुलाने किंवा मुलीने या खेळात यायचं ठरवलं की पहिला प्रश्न घरात ‘बंदूक कुठली घ्यायची?’ असा निघतो. तो शेवटचा प्रश्न आहे. आधी मैदान, मग प्रशिक्षक, मग चकत्या, मग कागदपत्रं आणि त्यानंतर बंदूक. हा क्रम उलटा केला की लाखोंची बंदूक कपाटात पडून राहते आणि गोळी झाडायला वर्षातून चार वेळा जागा मिळते.

खेळ नेमका काय आहे

चकती डांबराची राळ आणि चुनखडीची पूड यांची असते. व्यास ११० मिलिमीटर, उंची २५-२६ मिलिमीटर, वजन १०५ ग्रॅमच्या आसपास. हातातून फरशीवर पडली तर फुटेल इतकी ठिसूळ, पण कडेने छर्रा चाटून गेला तर न फुटता पुढे जाईल इतकी चिवट. मैदानावर तिला ‘क्ले’ किंवा ‘बर्ड’ म्हणतात.

ट्रॅपमध्ये जमिनीखालच्या खंदकात पंधरा यंत्रं असतात, पाच स्टेशनांसमोर, म्हणजे उभं राहायच्या जागांसमोर, प्रत्येकी तीन. नेमबाज खंदकापासून १५ मीटर मागे उभा राहतो. चकती तुमच्यापासून दूर जाते, डावी-उजवीकडे ४५ अंशांपर्यंत, आणि ७६ मीटरवर पडेल अशी लावलेली असते. तिन्हींपैकी कुठलं यंत्र सुटणार ते तुम्हाला माहीत नसतं. एका राउंडमध्ये २५ चकत्या, प्रत्येकीवर दोन गोळ्या झाडायची मुभा. पात्रता फेरीत असे पाच राउंड, म्हणजे १२५. नवख्यांना एक गोष्ट कुणी सांगत नाही: कुठलं यंत्र कधी सुटेल हे गुपित असलं तरी वाटप समान असतं. प्रत्येक राउंडमध्ये प्रत्येकाला १० डाव्या, १० उजव्या आणि ५ सरळ चकत्या मिळतात. त्यामुळे ‘आज मला सगळ्या अवघडच आल्या’ ही तक्रार ट्रॅपमध्ये चालत नाही.

स्कीटमध्ये दोन घरं, एक उंच आणि एक बुटकं, एकमेकांपासून सुमारे ३७ मीटरवर. अर्धवर्तुळावर सात स्टेशनं आणि आठवं बरोबर मध्ये. चकत्यांचा मार्ग ठरलेला असतो, पण त्या एकेरीही येतात आणि जोडीनेही, आणि प्रत्येकीला एकच गोळी. अडचण दुसरीकडे आहे. चकती मागायची हाक दिल्यावर शून्य ते तीन सेकंदांत कधीही चकती सुटते, आणि ती दिसेपर्यंत बंदुकीचा दस्ता कमरेपाशी, जाकिटावरच्या खुणेच्या पट्टीखाली ठेवावा लागतो. ट्रॅपमध्ये मात्र बंदूक आधीच खांद्याला लावून हाक देता येते.

दोन्हींपैकी काय निवडावं? ज्याची नजर चकती चटकन पकडते पण हालचाल धीमी आहे, त्याला ट्रॅप बरा पडतो. ज्याचं अंग चपळ आहे आणि पाठांतराचा कंटाळा नाही, त्याने स्कीट बघावं. खरं तर निवड बहुतेक वेळा जवळच्या मैदानावर काय उपलब्ध आहे यावर होते, आणि त्यात गैर काही नाही. डबल ट्रॅपच्या मागे मात्र लागू नका. रिओ २०१६ नंतर तो ऑलिम्पिकमधून गेला.

पहिली पायरी: मैदान आणि क्लब

रायफल-पिस्तूलच्या रेंज महाराष्ट्रात गावोगाव आहेत, ट्रॅप-स्कीटची सोय फारच कमी. राज्य रायफल संघटनेकडे चौकशी करा आणि प्रत्यक्ष जाऊन बघा: यंत्रं चालू आहेत का, आठवड्यात किती दिवस सराव असतो, चकत्यांचा साठा आहे का, शॉटगनचा प्रशिक्षक आहे की रायफलचाच प्रशिक्षक ‘तेही शिकवतो’ म्हणतो. ही दोन कामं वेगळी आहेत. रायफलचा प्रशिक्षक श्वास आवरून ट्रिगर हळू दाबायला शिकवतो. शॉटगनमध्ये त्याच सवयीने चकती हातची जाते.

गंभीर सरावासाठी बहुतेकांना राज्याबाहेर जावंच लागतं. दिल्लीत तुघलकाबादची डॉ. कर्णी सिंग रेंज १९८२ च्या आशियाई स्पर्धेसाठी बांधलेली, आजही देशातलं मुख्य केंद्र. जयपूर, पतियाळा, भोपाळ, हैदराबाद इथेही चांगली मैदानं आहेत. विदर्भ-खानदेशातल्या मुलांना भोपाळ आणि मराठवाडा-सोलापूरच्या मुलांना हैदराबाद सोयीचं. वर्षातून तीन-चार वेळा आठ-दहा दिवसांचं शिबिर आणि मधल्या काळात घरी कोरडा सराव, म्हणजे गोळी न झाडता केलेला, असा आराखडा सुरुवातीला पुरतो.

पहिले दोन-तीन महिने क्लबच्या बंदुकीने, प्रशिक्षकासमोरच खेळा. दुसऱ्याच्या नावावरची बंदूक एकट्याने घेऊन फिरणं हा गुन्हा आहे, मग ती सख्ख्या काकांची का असेना.

कागदपत्रं

शस्त्र कायदा १९५९ आणि शस्त्र नियम २०१६ यांखाली सगळं चालतं. स्वतःच्या नावाचा परवाना साधारणपणे २१ व्या वर्षानंतर. त्याआधी कनिष्ठ नेमबाजांना प्रौढ प्रशिक्षकाच्या देखरेखीखाली सराव करण्यासाठी वेगळी तरतूद आहे. मुलाचं वय कमी असेल तर अर्ज क्लबमार्फतच करा, स्वतःच्या अंगावर घेऊ नका.

पोलीस आयुक्तालय असलेल्या शहरात अर्ज आयुक्तांकडे, इतरत्र जिल्हाधिकाऱ्यांकडे जातो. ओळख आणि पत्त्याचे पुरावे, वैद्यकीय दाखला, शस्त्र सुरक्षेच्या प्रशिक्षणाचं प्रमाणपत्र, क्लबचं आणि संघटनेचं पत्र हे सगळं आधी जमवा. मग पोलीस चौकशी होते, आणि तिलाच सगळ्यात जास्त वेळ लागतो. काही महिने धरूनच चला. २०१९ च्या दुरुस्तीनंतर परवाना पाच वर्षांचा असतो.

हातात परवाना आल्यावर तीन गोष्टी तिथल्या तिथे तपासा. कारण ‘खेळ’ म्हणून नोंदलंय का? क्षेत्र ‘संपूर्ण भारत’ आहे का? नसेल तर दिल्लीच्या स्पर्धेला जाताना राज्याच्या सीमेवर अडकाल. आणि काडतुसांचा वार्षिक आकडा किती आहे? स्वसंरक्षणाच्या परवान्यावर पडतो तसा चिमूटभर आकडा पडला असेल, तर खेळाडू म्हणून वाढवून मिळण्याचा अर्ज लगेच द्या. हा आकडा नंतर दुरुस्त करून घेताना पुन्हा तीच चौकशी, तीच फाइल.

बंदूक: काय बघावं

नियमाने १२ बोअर ही कमाल मर्यादा (बोअर म्हणजे नळीच्या रुंदीचं माप). जवळपास सगळे एकावर एक नळ्यांची बंदूक वापरतात. ट्रॅपला ३० ते ३२ इंची नळी आणि घट्ट चोक (नळीच्या तोंडाशी छर्ऱ्यांचा झोत आवळणारा निमुळता भाग), स्कीटला २८ ते ३० इंची नळी आणि उघडा चोक. पेराझी, बेरेट्टा, क्रिगहॉफ, ब्लेझर ही नावं मैदानावर रोज कानावर पडतील. नवख्याने चांगल्या स्थितीतली जुनी बंदूक घेण्यात कमीपणा नाही. जुनी घेताना उघडून झाकताना सांध्यात खडखड होते का, नळीत आतून फुगवटा किंवा गंजाचे खड्डे आहेत का, दोन्ही ट्रिगर सारख्याच वजनाला सुटतात का, एवढं ओळखीच्या बंदूकदुरुस्ती करणाऱ्याकडून तपासून घ्या. परदेशी बंदूक आणि काडतुसं सवलतीत आयात करायची सोय राष्ट्रीय स्पर्धेत ठरावीक गुण मिळवून ‘रिनाउन्ड शॉट’, म्हणजे नामांकित नेमबाज, हा दर्जा मिळाल्यावर येते. बंदूक शेवटी घ्या म्हणण्याचं हे आणखी एक कारण.

पण कंपनीपेक्षा मोजमाप महत्त्वाचं. शॉटगनला नेम धरायची मागची खूण (साइट) नसते, तुमचा डोळाच ती मागची खूण असतो. दस्त्यावर गाल जिथे टेकतो ती जागा चार-पाच मिलिमीटर खाली-वर झाली तर छर्ऱ्यांचा अख्खा झोत ३५ मीटरवर चांगला वीतभर सरकतो. साधी चाचणी अशी: बंदूक रिकामी आहे हे दोनदा बघा, डोळे मिटा, ती खांद्याला आणि गालाला लावा, मग डोळे उघडा. नळीवरची पट्टी सरळ समोर, किंचित चढती दिसली पाहिजे. डोळ्यासमोर नळीचा मागचा भागच आला तर गाल खाली पडतोय. पट्टी एका अंगाला दिसली तर दस्त्याची बाजू चुकली आहे. मान लांबवावी लागली तर दस्ता लांब आहे, आणि उजव्या हाताचा अंगठा नाकाला लागत असेल तर आखूड. ट्रॅपची बंदूक मुद्दाम थोडी वर मारणारी ठेवतात, म्हणजे छर्ऱ्यांपैकी साठ-सत्तर टक्के नेमाच्या वर. कारण चकती चढती असते. स्कीटची निम्मी-निम्मी.

त्याआधी कुठला डोळा प्रधान आहे ते शोधा. दोन्ही हात लांब करून तळव्यांमध्ये छोटी फट ठेवा, तिच्यातून लांबची एखादी वस्तू बघा आणि एकेक डोळा मिटा. जो डोळा उघडा असताना वस्तू फटीत राहते तो प्रधान. हात उजवा आणि डोळा डावा निघाला, तर नवख्याने डाव्या खांद्यावर जाणं सगळ्यात चांगलं. सुरुवातीचे दोन महिने त्रास, पुढे आयुष्यभर सुख. ते जमणारच नसेल तर चष्म्याच्या डाव्या काचेवर नेमाच्या रेषेत नखाएवढी धुरकट पट्टी चिकटवा.

छर्रे वाटेल तसे पसरतात असं समजून चालू नका, त्यांचं गणित कागदावर दिसतं. ३५ मीटरवर मोठा कागद लावा, एकच गोळी झाडा आणि सर्वांत दाट जागेभोवती ७५ सेंटिमीटर व्यासाचं वर्तुळ काढा. पूर्ण चोकमध्ये सुमारे ७० टक्के छर्रे आत आले पाहिजेत. वर्तुळात चकतीएवढी रिकामी जागा वारंवार दिसली, तर काडतूस बदलून पाहा. चोक बदलण्याआधी काडतूस बदलणं स्वस्त पडतं.

काडतुसं आणि त्यांचा हिशेब

आंतरराष्ट्रीय नियमात छर्ऱ्यांचं वजन कमाल २४.५ ग्रॅम, म्हणून २४ ग्रॅमचं काडतूस घ्यायचं. ट्रॅपला साडेसात नंबर, साधारण २.४ मिलिमीटर, त्यात सुमारे ३०० छर्रे. स्कीटला नऊ नंबर, साधारण २ मिलिमीटर, त्यात सुमारे ५२०. नंबरवर विसंबू नका. देशादेशांत एकच नंबर वेगळ्या जाडीला लागतो, म्हणून खोक्यावरचे मिलिमीटर वाचा.

आता खर्च. ट्रॅपचा नवखा एका राउंडला ४० च्या आसपास काडतुसं जाळतो, कारण पहिली गोळी चुकली की दुसरी जातेच. दिवसाला चार राउंड म्हणजे १६० काडतुसं, वजन सहा किलोच्या घरात. आठवड्यातून तीन दिवस, महिन्यातले चार आठवडे: १,२०० चकत्या आणि दोन हजारांकडे जाणारी काडतुसं. तुमच्या क्लबमधला चकतीचा आणि काडतुसाचा आजचा दर या आकड्यांना लावा आणि घरच्यांसमोर ठेवा. बंदूक एकदाच घेतली जाते, ही रक्कम दर महिन्याला जाते. ज्यांनी बंदुकीवर सगळी पुंजी घातली, ते दुसऱ्या वर्षी महिन्याला दोन राउंडवर येतात आणि तिथेच त्यांची प्रगती थांबते. स्कीटला एका चकतीला एकच काडतूस लागत असल्याने खर्च जरा आटोक्यात राहतो.

बाकी सामान थोडकं. ठिकऱ्या उडतात म्हणून चष्मा न चुकता, बदलत्या रंगांच्या काचा असलेला. ढगाळ हवेत फिकट, उन्हात गडद. कानांना साधे मफ किंवा बोळे. आवाज वाढवणारे इलेक्ट्रॉनिक मफ सरावाला वापरलेत तरी आंतरराष्ट्रीय स्पर्धेत खेळाडूला चालत नाहीत, म्हणून त्यांची सवय लावू नका. खांद्याला गुळगुळीत पट्टी असलेलं जाकीट, काडतुसांची थैली, बंद बूट.

शिस्त, जिच्यात सूट नाही

स्टेशनवर उभे नसाल तेव्हा बंदूक उघडी आणि रिकामी. काडतूस फक्त स्टेशनवर, आपली पाळी आल्यावर. बंदूक उडाली नाही तर ती उघडू नका, सेफ्टीला हात लावू नका. नळी समोर धरून उभे राहा आणि पंच येऊन बघेपर्यंत थांबा. आधीच उघडलीत तर चकती चुकल्यात जमा होण्याची पाळी येते.

दोन धोके जिवावर बेततात. ‘ठो’ऐवजी ‘फुस्स’ असा दबका आवाज आला तर वॅड (काडतुसातली दारू आणि छर्रे यांच्यामधला बोळा) नळीत अडकला असण्याची शक्यता असते. पुढची गोळी घालण्याआधी नळीतून उजेड बघा, नाहीतर नळी फाटते. दुसरा धोका २० बोअरच्या काडतुसाचा. ते १२ च्या नळीत सरकतं आणि पुढे जाऊन अडतं. मागून १२ चं घालून झाडलं की स्फोट होतो. म्हणून दोन बोअरची काडतुसं एका पिशवीत कधीच नकोत. सराव झाल्यावर शिसं धुऊन काढायला साबणाने हात-तोंड धुवा, मगच वडापाव.

ट्रॅपची एक चकती, सावकाश

इथे घाई करू नका, कारण पुढची सगळी वर्षं हीच कृती परत परत करायची आहे.

पाय खांद्याइतके रुंद, पुढच्या पायावर थोडं जास्त वजन, गुडघे ताठ नाहीत. पायांची दिशा अशी की त्या स्टेशनच्या सगळ्यात अवघड उजव्या आणि डाव्या चकतीपर्यंत कंबर न अडखळता वळेल. बंदूक आधी गालाला, मग खांद्याला. उलट केलं की डोकं दस्त्याकडे झुकतं आणि दर वेळी वेगळ्या जागी टेकतं. नळी खंदकाच्या छतावरच्या खुणेच्या जरा वर. नळी फार उंच धरली तर खालून निघणारी चकती तिच्याआड लपते, फार खाली धरली तर पाठलाग करावा लागतो. डोळे नळीवर नाहीत, खंदकाच्या पुढे मोकळ्या जागेत, थोडे सैल. एक श्वास, आणि हाक. हाक मायक्रोफोन ऐकतो, म्हणून ती दर वेळी एकाच लांबीची आणि एकाच जोराची. ओढून-ताणून दिलेली हाक अंग ताठ करते.

चकती दिसली की आधी डोळे तिच्यावर जातात, मग अंग. हात नाही, कंबर वळते. चकती ३५ मीटरच्या आत फोडायची असते आणि त्यासाठी हाती सेकंदभरही नसतो. नळी चकतीच्या मागून येऊन तिच्या पुढे निघते त्या क्षणी ट्रिगर, आणि नळी थांबवायची नाही. छर्ऱ्यांना तिथे पोचायला साधारण सेकंदाचा दहावा भाग लागतो. तेवढ्यात चकती पुढे सरकते. नळी थांबली की झोत मागे राहतो. पहिली चुकली तर गाल न उचलता त्याच ओघात दुसरी.

स्कीटमध्ये हेच आडव्या चकतीला लागू होतं आणि अंतर डोळ्यांना दिसतं. चौथ्या स्टेशनवर सव्वा मीटरच्या आसपास पुढे मारावं लागतं. नवख्याला ते कधीच खरं वाटत नाही.

काय चुकतं आणि का

चकती फुटली की नाही बघायला डोकं उचलणं, ही अगदी सार्वत्रिक चूक. गाल सुटला की डोळा वर जातो आणि झोत चकतीच्या वरून. त्यावर ‘मी खालून मारतोय’ समजून मुलं आणखी वर मारू लागतात आणि गोंधळ वाढतो.

नळीच्या टोकावरच्या मण्याकडे बघणं. मणी स्पष्ट दिसतोय म्हणजे चकती धूसर झाली, आणि मग नळी आपोआप थांबते. रायफलमधून आलेल्यांत ही हमखास.

टोकाच्या कोनाला बंदूक तिरकी होणं. पाय चुकीच्या दिशेला असले की कंबर अडते, हात उरलेलं अंतर ओढतात आणि उजवी चकती खाली-बाहेरून सुटते. उपाय हातात नाही, पायात आहे.

धक्क्याची धास्ती. ट्रिगरच्या आधी खांदा दचकतो. ओळखण्याची युक्ती: प्रशिक्षकाने न सांगता मधूनच डमी काडतूस घालावं. नळी खाली झुकली की चोर सापडला. अशा वेळी राउंड कमी करा, मोजमाप तपासा. दस्ता नीट बसत नसला की धक्का गालावर येतो आणि धास्ती वाढते.

तुकडेही बोलतात. चकतीचा धूर झाला तर झोत मध्यावर. मागच्या कडेचा कपचा उडाला तर मागे राहिलात. एकच दिसणारा तुकडा उडाला तरी फुटली असं धरतात. नुसती धूळ उडाली आणि तुकडा नाही, तर चुकली.

घरी रोज करायचं काम: आरशासमोर पन्नास वेळा बंदूक लावणं, तीही रिकामी असल्याची खात्री करून. दुसरं, नळीच्या तोंडात छोटी टॉर्च बसवून भिंत आणि छत मिळतात त्या रेषेवरून प्रकाश न डुगडुगता फिरवणं. हे कंटाळवाणं आहे म्हणूनच बहुतेक जण करत नाहीत.

कोकण-मुंबईच्या पावसाळ्यात बंदूक चामड्याच्या खोळीत ठेवू नका, ओल धरते. तेलाचा हलका हात, चोक काढून आट्यांना ग्रीस, पेटीत सिलिका जेलच्या पुड्या. दोन महिने न काढलेला चोक सप्टेंबरमध्ये निघता निघत नाही.

वही ठेवा. प्रत्येक राउंडला स्टेशन, चकतीची दिशा, पहिल्या गोळीला की दुसऱ्या. २५ पैकी २१ असे नुसते गुण काही सांगत नाहीत. दोघांचे २१ असतील, पण एकाचे १९ पहिल्या गोळीला फुटलेत आणि दुसऱ्याचे १३, तर पुढे कोण जाणार हे उघड आहे. फायनलमध्ये ट्रॅपलाही एकाच गोळीची मुभा असते, तेव्हा दुसरा उघडा पडतो.

स्पर्धांची शिडी

क्लबची आणि राज्य संघटनेची स्पर्धा, मग राष्ट्रीयपूर्व पात्रता, मग राष्ट्रीय, मग निवड चाचण्या, मग भारतीय संघ. भारतीय रायफल संघटना १९५१ ची, आणि तिचे पहिले अध्यक्ष गणेश वासुदेव मावळंकर, लोकसभेचेही पहिले सभापती. पात्रता स्पर्धेला ‘मावळंकर’ म्हणतात ते त्यांच्याच नावाने. मैदानावर कुणी ‘मावळंकर झाली का?’ विचारलं तर हा अर्थ.

पात्रतेचे गुण आणि निवडीचे नियम दर वर्षी बदलतात, तेव्हा जुन्या पत्रकावर विसंबू नका. ढोबळ अंदाज असा: सरावात सलग २५ पैकी २० येऊ लागले की राज्य स्पर्धा खेळा. राष्ट्रीय पातळीवर नाव दिसायचं तर सरासरी २२ च्या वर. जागतिक पातळीवर १२५ पैकी १२० च्या खाली फायनलचं बोलायचं नाही, आणि स्कीटमध्ये तर त्याहूनही वर. पॅरिसमध्ये अनंतजीत सिंग नरुका आणि महेश्वरी चौहान यांचं मिश्र स्कीटचं कांस्य एका चकतीने गेलं, ४४ विरुद्ध ४३.

स्पर्धेला जाताना १२५ चकत्यांसाठी २५० काडतुसं, अधिक सराव राउंड आणि बरोबरी सुटेपर्यंतचे शूटऑफ: ३५० ते ४०० धरा. विमानात एका प्रवाशाला फक्त पाच किलो, म्हणजे सव्वाशेच्या आसपास, तेही कंपनीला आधी कळवून आणि केवळ चेक-इन सामानात. म्हणून आयोजकांकडे आधीच मागणी नोंदवा किंवा गाडीने जा. सव्वाशेच्या मागे अनोळखी ब्रँडची अडीचशे घेऊन खेळणं म्हणजे मार कुठे पडतोय हे मधेच विसरणं.

पैसा आणि नोकरी

सुरुवातीची तीन-चार वर्षं खर्च घरचाच, हे मान्य करून उतरा. पुढे कामगिरी दिसली की खेलो इंडिया, आणि ऑलिम्पिकच्या उंबरठ्यावर केंद्राची ‘टॉप्स’ ही पदकाची आशा असलेल्या खेळाडूंना मदत देणारी योजना, जी २०१४ पासून आहे. महाराष्ट्रात सरकारी नोकरीत खेळाडूंना पाच टक्के आरक्षण आहे. त्यासाठी स्पर्धेची पातळी आणि प्रमाणपत्राचा नमुना फार काटेकोर बघतात, म्हणून प्रत्येक स्पर्धेची मूळ कागदपत्रं, निकालपत्रासह, त्याच आठवड्यात फाइल करा. सैन्यात जायची तयारी असेल तर महूचं आर्मी मार्क्समनशिप युनिट हा मोठा दरवाजा.

वयाची फार चिंता नको. कुवेतचा अब्दुल्ला अल-रशिदी टोकियोत ५७ व्या वर्षी स्कीटचं कांस्य घेऊन गेला. अमेरिकेच्या किम रोडने १९९६ ते २०१६ सलग सहा ऑलिम्पिकमध्ये पदक मिळवलं. तिशीत सुरुवात करणाऱ्यालाही इथे वीस वर्षं मिळू शकतात, पाठ आणि गुडघे सांभाळले तर.

आणि संघात जागा नाहीच मिळाली, तर पंच आणि प्रशिक्षकाचे परवाने आहेत. चकतीचा तुकडा उडाला की नुसती धूळ, हे ओळखणारे पंच आणि दस्ता मापाने बसवून देणारे कारागीर दोन्ही कमी आहेत. राज्य स्पर्धेत स्वयंसेवक म्हणून यंत्र भरायला एकदा खंदकात उतरा. वर परत याल तेव्हा चकती कुठून आणि कशी निघते हे पाठ झालेलं असेल, आणि पंचांची ओळखही.